चित्र पाहण्याचा संस्कार

(मराठी मुलखातील समकालीन चित्रकार आणि त्यांच्या शैली या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दरूप.)



मराठी घराला गाण्याचा कान आहे, हे कोणीही मान्य करील. शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण न घेतलेला, बँकेत किंवा पोस्टात आयुष्यभर नोकरी केलेला गृहस्थही भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व यांच्या गायकीतला फरक चार वाक्यांत सांगू शकतो. नाटकाच्या मध्यंतरात चहा पिताना अमक्याने भूमिका कशी उभी केली आणि तमक्याची का पडली, यावर हिरिरीने वाद होतात. मात्र चित्राचा विषय निघाला की त्याच घरातून एक ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘आपल्याला बुवा त्यातले काही कळत नाही.’ हे वाक्य बोलताना कोणाला संकोच वाटत नाही. गाण्याबद्दल असे बोलायला आपण कचरलो असतो.

असे का व्हावे? गाणे आपण लहानपणापासून ऐकले. आजोबांच्या रेडिओवर, देवळातल्या भजनात, गणेशोत्सवाच्या मांडवात ते कानावर पडत गेले आणि कान आपोआप तयार झाला. डोळ्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. शाळेत गणिताचा भाग मागे राहिला की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना मुले आजही बसतात, परंतु पुष्कळदा त्यामागे दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेब असतो. परीक्षा संपली की रंगपेटी माळ्यावर जाते. चित्र काढण्याचे शिक्षण थोडेफार तरी मिळते. चित्र पाहण्याचे शिक्षण मात्र कोठेच मिळत नाही.

पूर्वी निदान दिवाळी अंक होते. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे घरोघरी येत, जपून ठेवली जात, कधी चौकटीत बसवून भिंतीवर लावली जात. मराठी मध्यमवर्गाची चित्राशी खरी ओळख झाली ती तेथे. दलालांची रेषा ओळखणारी एक पिढी त्यातून घडली. त्यानंतरचे चित्रकार मात्र आपल्या घरात पोहोचलेच नाहीत आणि आपणही त्यांच्या दारात गेलो नाही.

‘काय आहे?’ आणि ‘कसे आहे?’

चित्रासमोर उभे राहिल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, ‘हे काय आहे?’ घोडा आहे, बाई आहे, देऊळ आहे, एवढे कळले की आपले समाधान होते आणि पाय पुढच्या चित्राकडे वळतात. काय आहे हे कळले नाही, तर चित्रकार आपली थट्टा करतो आहे असे वाटू लागते. वास्तविक रसिकाचा खरा प्रश्न ‘हे कसे आहे?’ हा असावयास हवा. मैफलीत मारवा सुरू असताना ‘या रागाचा अर्थ काय?’ असे आपण विचारत नाही. स्वर कसे लागले, बढत कशी झाली, इकडे आपले लक्ष असते.

ही दृष्टी बाहेरून आणण्याची गरज नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ हा चित्रकलेवरील जुना आणि महत्त्वाचा ग्रंथभाग. त्यात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडविण्याची विद्या मागतो. ऋषी त्याला सांगतात की चित्र जाणल्यावाचून मूर्ती कळणार नाही, नृत्य जाणल्यावाचून चित्र कळणार नाही, वाद्य जाणल्यावाचून नृत्य आणि गीत जाणल्यावाचून वाद्य कळणार नाही. सर्व कला एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत, हे त्या संवादाचे सार. त्याच ग्रंथात आणखी एक मार्मिक निरीक्षण आहे. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायाप्रकाशाची, स्त्रियांना अलंकरण आवडते, तर सामान्य जन रंगांच्या श्रीमंतीवर लुब्ध होतात. एकाच चित्रात पाहण्यासारखे इतके थर असतात आणि पाहणारा आपल्या तयारीप्रमाणे त्यातला एखादा वेचतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

हुबेहूब चित्राला कमी लेखावे, असा याचा अर्थ नाही. वासुदेव कामत यांनी रंगविलेल्या आपल्या पत्नीच्या व्यक्तिचित्राला अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचा २००६ सालचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो काही केवळ चेहरा जुळला म्हणून नव्हे. चेहरा तर छायाचित्रातही जुळतो. प्रकाश कोठून घेतला, कोणता भाग सावलीत सोडला, नजर कोठे स्थिरावली, या निर्णयांतून व्यक्तिचित्र घडते. यथार्थ चित्रातही ‘कसे’ हाच प्रश्न महत्त्वाचा असतो.

हा प्रश्न मनाशी धरून आपल्याच मुलखातल्या पाच कलावंतांकडे आज जाऊ या.

कळंबीपाड्याची रेषा

डहाणू तालुक्यात गंजाडजवळ कळंबीपाडा नावाची वस्ती आहे. आजच्या पालघर आणि त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या या पाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत. त्यांचा जन्म १९३४ चा. लहानपणीच आईचे छत्र हरपले. त्या आघाताने मुलाची वाचा जणू थिजली. कित्येक दिवस तो बोलेना. जे सांगायचे ते धुळीत बोटाने रेघा ओढून सांगू लागला. वारली चित्रकलेला जगाच्या नकाशावर नेणाऱ्या हाताचा आरंभ असा धुळीत झाला.

वारली समाजात चित्र काढणे हे मुळात स्त्रियांचे काम. लग्नघराच्या भिंतीवर सवासिनी चौक लिहितात. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते आणि चौक लिहिल्याखेरीज लग्न लागत नाही. म्हणजे हे चित्र शोभेसाठी काढलेले नसते. ते संस्काराचे अंग असते. कार्य झाले की भिंत पुन्हा सारवली जाते आणि चित्राचे काम संपते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामासाठी या पाड्यांवर पोहोचले. बिहारमधल्या मधुबनीच्या स्त्रियांच्या हाती कागद देणारे कुलकर्णी ते हेच. त्यांनी वारल्यांना कागद आणि रंग दिले आणि म्हसे यांच्या हातातली असामान्य रेषा ओळखली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांची चित्रे लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

आता त्यांचे चित्र पाहायचे कसे? माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्यावर डोक्याचा गोळा आणि काड्यांसारखे हातपाय. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून म्हसे यांची माणसे धावतात, वाकतात, भात कांडतात, ओझे उचलतात. त्या दोन त्रिकोणांचा कोन किंचित कलला की म्हातारा दिसतो, आणखी कलला की नाचणारी पोर दिसते. तारप्याच्या नाचाचे वेटोळे पाहताना नजर त्या फेऱ्याबरोबर फिरू लागते. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र तर जवळ जाऊन पाहावे. बारीक रेषांनी विणलेले जाळे कागदभर पसरते, आणि इतक्या रेषांत एकही आळसलेली नसते. मुंग्यांची रांग, उडणारे पाखरू, वाऱ्याने हललेले झाड, सर्वांना एकच लय आहे. चित्रसूत्रातले आचार्य रेषेची वाखाणणी का करतात, ते येथे कळते.

आज वारली आकृत्या चहाच्या कपावर, पिशव्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. त्यात वाईट काही नाही, परंतु त्या आकृत्यांखाली कोणाचे नाव नसते. दोन त्रिकोण काढले की वारली झाले, असा समज पसरला आहे. परिणामी ज्या कलावंतांनी या शैलीत स्वतःचे काही निर्माण केले, त्यांचे वेगळेपण पुसले जाते. म्हसे यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू यांनीही हीच परंपरा पुढे चालविली. पित्याच्या आणि पुत्रांच्या हातात काय फरक आहे, हे पाहण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे. घराण्याचे नाव घेऊन भागत नाही, गवयाचेही नाव घ्यावे लागते.

पिंगुळीची पोथी

कोकणात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा पिढ्यान् पिढ्या जपली. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे असलेली पोथी पुढ्यात मांडायची आणि वाद्यांच्या साथीने एकेक चित्र दाखवीत कथा गायची, अशी ही रीत. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. मोठे टपोरे डोळे, बाजूने दाखविलेले चेहरे, ठसठशीत बाह्यरेषा आणि मोजके रंग ही या शैलीची लक्षणे. दिव्याच्या मंद उजेडात, दूर बसलेल्या श्रोत्याला आकृती ओळखू यावी, अशी तिची बांधणी आहे. चित्र ज्या जागी आणि ज्या कामासाठी वापरले जाई, त्यातून शैली घडली.

चित्रपट आणि दूरदर्शन आल्यावर रात्रीच्या कथेला श्रोता उरला नाही. अशा काळात परशुराम गंगावणे यांनी पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या सांभाळल्या, आणि २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्यातच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोव्याला सहलीला जाणाऱ्या कुटुंबांच्या वाटेवरच कुडाळ आहे. तासभर वाट वाकडी केली तर मुलांना जे पाहायला मिळेल, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

साध्या वस्तूंचे गूढ

आता शहरातल्या चित्रकारांकडे वळू. प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा. जे. जे. कला विद्यालयात शिक्षण झाल्यावर ते विणकर सेवा केंद्रात नोकरीस लागले. १९६१ पासून काही वर्षे वाराणसीत होते. तेथे तांत्रिक परंपरेतील आकृत्यांशी त्यांचा परिचय झाला आणि आरंभीच्या चित्रांवर त्याची छाया उमटली. पुढे मात्र बरवे यांनी आपल्या रोजच्या वस्तूंकडे पाहिले. घड्याळ, पान, शिंपला, कंगवा, पाकीट अशा वस्तू त्यांच्या चित्रांत येतात. पण त्या टेबलावर मांडून ठेवल्यासारख्या नसतात. मोठ्या, सपाट, निवांत अवकाशात त्या तरंगतात. पानाचा आकार आणि ढगाचा आकार एकमेकांना ओळखतात. घड्याळ दिसते, परंतु वेळ कळत नाही.

अशा चित्रापुढे अर्थ शोधण्याची घाई करू नये. आधी दोन वस्तूंमधली मोकळी जागा पाहावी. संगीतात दोन स्वरांमधला विराम जसा बोलतो, तशी ती जागा बोलते. बरवे यांनी आपल्या निर्मितीविषयीचे चिंतन ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी पुस्तकात मांडले आहे. ते १९९० मध्ये मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केले. चित्रकाराने स्वतःच्या विचारप्रक्रियेचा इतका प्रांजळ आलेख आपल्या भाषेत दिल्याची उदाहरणे थोडी आहेत. बरवे १९९५ मध्ये गेले. ‘कळत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक वाचकाने हे पुस्तक एकदा हाती घ्यावे.

लोकलमधली माणसे

सुधीर पटवर्धन यांची गोष्ट निराळी. जन्म पुण्याचा, १९४९ चा. पुण्याच्या सैन्य वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी तीस वर्षे व्यवसाय केला. २००५ नंतर ते पूर्णवेळ चित्रकार झाले. दिवसा माणसांच्या देहाची आतली छायाचित्रे पाहायची आणि उरलेल्या वेळात त्याच माणसांची चित्रे रंगवायची, असा हा क्रम. त्यांचे ‘इराणी रेस्टॉरंट’ १९७७ चे, ‘ट्रेन’ १९८० चे, ‘लोअर परळ’ २००१ चे. या चित्रांतली माणसे आपल्या परिचयाची आहेत. कामावरून परतणारा थकलेला कामगार, लोकलच्या गर्दीतला प्रवासी, उपनगरातल्या रस्त्यावरचे संसार. पटवर्धन त्यांना दया दाखवीत नाहीत आणि त्यांचे पुतळेही करीत नाहीत. त्यांच्या देहाला वजन आहे, खांद्यांवर दिवसभराचा शीण आहे. गिरण्या बंद पडून मनोरे उभे राहिले, तो बदल अहवालांत आकड्यांनी मांडला गेला. या चित्रांत तो माणसांच्या उभे राहण्याच्या ढबीतून दिसतो.

याच पटवर्धनांनी २००८ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रकलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील वेगवेगळ्या शहरांत नेले. कला मुंबईच्या दक्षिण टोकाला अडकून पडू नये, यासाठी एका चित्रकाराने केलेली ती धडपड होती. कलावंत आपल्या गावापर्यंत आला होता, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आहे?

किंमत आणि मोल

शेवटी वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा, घराणे गोव्याचे, बालपण आणि तारुण्य मुंबईत गिरगावातल्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे.ची पदविका, १९७१ मध्ये पद्मश्री. पुढे दिल्लीत निजामुद्दीन भागातील लहानशा जागेत एकट्याने राहिले. वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. उरलेला वेळ वाचन, संगीत आणि मौन. रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज आणि जे. कृष्णमूर्ती यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता. झेन परंपरेचेही आकर्षण होते. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

गायतोंडे यांच्या चित्रात ओळखीचे काहीच नसते. ‘हे तर लहान मूलही काढील’ हा शेरा अशाच चित्रांवर मारला जातो. तो शेरा मारणाऱ्याने त्यांची पद्धत समजून घ्यावी. कॅनव्हासवर रंगाचा एक थर, तो सुकल्यावर दुसरा, मग रोलरने आणि सुरीने त्यातला काही भाग काढून घेणे, खालचा थर हलकेच वर येऊ देणे, अशा क्रमाने चित्र सिद्ध होई. त्यामुळे रंग पृष्ठभागावर फासल्यासारखा दिसत नाही, तो आतून उजळल्यासारखा भासतो. पहाटे धुके विरळ होताना झाडे दिसू लागावीत, तसे काही आकार त्यातून वर येतात आणि पुन्हा मिटतात. हे सारे कळण्यासाठी चित्रापुढे पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे लागते. विलंबित ख्यालाला आपण अर्धा तास देतो. मग चित्राला पाच मिनिटे देण्यास काय हरकत आहे?

डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या संस्थेने मुंबईत केलेल्या लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत मोठे मथळे आले आणि अनेक मराठी घरांत हे नाव प्रथमच उच्चारले गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे समग्र प्रदर्शन भरविले. त्या वेळी चित्रकार जाऊन तेरा वर्षे झाली होती. गिरगावातल्या चाळीत वाढलेला एक माणूस जगातल्या श्रेष्ठ चित्रकारांच्या पंक्तीत बसतो आणि त्याच्या समाजाला त्याची ओळख लिलावाच्या आकड्यातून होते, ही खेदाची गोष्ट आहे. आकड्याने किंमत कळते. मोल कळायला पाहावे लागते. सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’च्या माध्यमातून गायतोंडे यांच्यावर मराठीत मोठे काम केले, म्हणून निदान जिज्ञासू वाचकाची सोय झाली.

आपल्या हातात काय आहे?

या पाच कलावंतांच्या शैली एकमेकींपासून किती दूर आहेत पाहा. एक भिंतीवरच्या चौकातून आला, एक पोथीतून, एक विणकर केंद्रातून, एक रुग्णालयातून, एक चाळीतल्या खोलीतून. तरीही एक गोष्ट सर्वांत समान आहे. प्रत्येकाने आपल्या भोवतालाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि जे दिसले ते मांडण्यासाठी स्वतःची रीत शोधली. शैली म्हणतात ती हीच. दुसऱ्याची उसनी घेतली की ती नक्कल होते, मग ती परदेशी चित्रकाराची असो किंवा आपल्याच परंपरेची.

रसिक म्हणून आपले काम फार अवघड नाही. मुंबईला कामानिमित्त गेल्यावर जहांगीर कलादालनात अर्धा तास डोकवावे. १९५२ पासून ते उभे आहे आणि तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. समोरच्या रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आपल्या गावात कलाशिक्षकांची, विद्यार्थ्यांची प्रदर्शने भरतात, तेथे उद्घाटनाच्या भाषणानंतरही थांबावे. दहा चित्रे धावत पाहण्यापेक्षा दोन चित्रे बसून पाहावीत. चित्रकार तेथेच असतो. त्याला ‘याचा अर्थ काय?’ असे न विचारता ‘हे कसे केलेत?’ असे विचारावे. तो मनापासून बोलू लागतो. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा ‘दृश्यकला’ खंड ग्रंथालयात मागावा. महाराष्ट्रातील चित्रकार-शिल्पकारांची ओळख त्यात एकत्र मिळते.

आणि घरातले मूल एखादे चित्र काढून समोर आणील, तेव्हा ‘हे काय काढलेस?’ हा प्रश्न ओठांवरच आवरावा. झाड निळे का, असे दटावू नये. त्याच्या शेजारी बसावे आणि ते झाड त्याने कसे पाहिले, ते त्याच्याकडून ऐकावे. आपल्या आजोबांनी रेडिओपाशी बसवून आपला कान तयार केला. पुढच्या पिढीचा डोळा तयार करण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.